इस्पितळांतली उमेदवारी

(१० मार्च रोजीं गांवच्या शाळेंत पालकांच्या सभेपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आज १० मार्च. १८९७ सालीं ह्याच तारखेला सावित्रीबाई फुले पुण्यांत प्लेगनें वारल्या. मुलींची शाळा काढणाऱ्या बाई म्हणून आपण त्यांना ओळखतों, आणि माझ्यासारखा मास्तर तर त्यांच्याच पुण्याईची भाकर खातो. पण त्यांचें शेवटचें काम शाळेचें नव्हतें, रोग्यांच्या उस्तवारीचें होतें. प्लेगचा हाहाकार उडाला तेव्हां पुत्र डॉक्टर यशवंतराव ह्यांच्या दवाखान्यांत रोगी आणून पोंचविण्याचें काम त्यांनीं पत्करलें. मुंढव्याच्या अस्पृश्य मानलेल्या वस्तींतल्या एका आजारी पोराला त्यांनीं पाठीवर घालून आणलें, आणि त्यांतच त्यांना रोग जडला. घरांतलीं माणसें घरांतल्या रोग्याला हात लावीनात, त्या काळची ही गोष्ट आहे. २०२० सालीं करोनाच्या सांथींत आपणहि तो काळ थोडासा पाहिला. आपल्याच गांवच्या वेशीवर आपण कांटे टाकले होते, तें कोणी विसरलें नसेल.

पण मी आज चरित्र सांगायला उभा नाहीं. बारावीची परीक्षा चालू आहे. गांवांतल्या सहा-सात मुलींनीं नर्सिंगला जायचें मनांत घेतलें आहे, आणि त्यांचे आईबाप गेले पंधरा दिवस मला पारावर, पिठाच्या गिरणींत, एस.टी.च्या थांब्यावर गांठून विचारतात: "गुरुजी, पोरीला पाठवूं का? आणि तिथं पोरींना इस्पितळांत राबवून घेतात म्हणं, त्येचं काय?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्या पोरीला विचारून द्यावें. दुसऱ्याचें मी देतों.

आधीं थोडी माहिती. ए.एन.एम. हें दोन वर्षांचें शिक्षण, जी.एन.एम. तीन वर्षांचें, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचें. उपकेंद्रांत तुमच्या पोरांना लस टोंचणारी सिस्टर ती ए.एन.एम.; मोठ्या इस्पितळांत वॉर्ड सांभाळतात त्या जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. झालेल्या. ह्या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. शिक्षणाचा मोठा वांटा वर्गांत होत नाहीं, खाटेपाशीं होतो. परीक्षेला बसायला वर्गाची व इस्पितळाची ठराविक हजेरी लागते; पण शेवटचें प्रमाणपत्र हातीं पडण्यापूर्वीं इस्पितळांतल्या कामाची हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. आजारपणानें, लग्नकार्यानें, जत्रेनें जे दिवस बुडाले ते मागून भरायचे. आमच्या शाळेंत पोर ऊंसतोडीला जाऊन आलें तर आम्ही त्याला सांभाळून घेतों. तिथें सांभाळून घेत नाहींत, आणि घेऊंहि नये.

ह्या गोष्टीला आपल्या लोकांत जुना शब्द आहे: उमेदवारी. लोहाराचा पोरगा पहिल्या दिवशीं घण उचलीत नाहीं. त्याला भात्यावर बसवितात. तो वर्ष वर्ष भाता ओढतो, आणि ओढतां ओढतां लोखंड कोणत्या रंगाला आलें म्हणजे बाहेर काढायचें हें त्याच्या डोळ्यांत बसतें. सुताराच्या हाताखालचा पोरगा आधीं भुसा झाडतो. कुंभाराची पोर माती चाळते, भिजवते, तुडवते. चाक फार पुढें. आणि शेतकऱ्यांनों, नांगराचें पहिलें तास सरळ गेलेला एक तरी माणूस इथें असेल तर त्यानें हात वर करावा. तेव्हां इस्पितळांत मुलीकडून काम करून घेतात हें ऐकून दचकण्याचें कारण नाहीं. दचकायचें तें दुसऱ्याच गोष्टीला. तिच्याकडे मी पुढें येतों.

मी स्वतः अध्यापक विद्यालयांत दोन वर्षें काढलीं. पहिले कित्येक महिने बालमानसशास्त्राच्या वह्या भरल्या. मग एके दिवशीं सराव पाठासाठीं मला एका शाळेच्या चौथीच्या वर्गापुढें उभें केलें. विषय भागाकाराचा. शेवटच्या बांकावर आमचे अध्यापक वही उघडून बसलेले. पाठाचें टांचण मला तोंडपाठ होतें. पांच मिनिटांत एका पोरानें विचारलें, "सर, बाकी उरते ती कुणाला द्यायची?" टांचणांत हा प्रश्न नव्हता. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलों. वह्यांतलें सारें ज्ञान त्या क्षणीं खिडकींतून पळून गेलें. माझें नशीब एवढेंच कीं, माझ्या चुकीनें कोणी मरणार नव्हतें.

आतां माझ्या पुतणीची हकीकत सांगतों. तिचें नांव घेत नाहीं. ती सुटीवर आली आहे, मागें बायकांत बसली आहे, आणि आतांच पदर तोंडाला लावून हंसते आहे. तिनें जी.एन.एम. केलें. पहिल्या वर्षीं तिला पुरुषांच्या वॉर्डांत लावलें, आणि पहिल्याच सकाळीं अर्धांगवायूनें पडलेल्या एका म्हाताऱ्याचें अंग पुसून काढायला सांगितलें. आपल्या घरची पोर. परक्या पुरुषाच्या पायाला पाया पडण्याखेरीज तिचा हात कधीं लागला नव्हता. रात्रीं तिचा फोन आला, "काका, मी परत येते." मला वाटलें, तिला किळस आली. मीं तिला तसें विचारलें. ती म्हणाली, "तसं नाही. तो म्हातारा भिंतीकडं तोंड करून रडत होता. त्याला माझ्यापेक्षा जास्त लाज वाटत होती."

तें ऐकून मीं तिला परत ये म्हटलें नाहीं. म्हटलें, उद्यां त्याला लाज वाटूं नये असें कर. तिच्या शिक्षिकेनेंहि तिला तेंच शिकविलें, माझ्यापेक्षां नीट. आधीं पडदा ओढायचा. मग रोग्याला सांगायचें कीं मी काय करणार आहें, आणि त्याचा होकार येईपर्यंत थांबायचें. सगळें अंग उघडें टाकायचें नाहीं. एक हात पुसायचा, कोरडा करायचा, झांकायचा, मग दुसरा. हें सारें पुस्तकांत होतेंच. पण तिला तें कळलें त्या भिंतीकडे केलेल्या तोंडानें. पुढें त्याच म्हाताऱ्याला दर दोन तासांनीं कुशीवर वळविण्याचें काम तिच्याकडे आलें. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचें मांस पाठीला, माकडहाडाशीं, टांचेला दबून सडतें. त्याला आपण पाठ लागली म्हणतों आणि दैवाला बोल लावतों. तो दैवाचा खेळ नाहीं, वेळेवर न वळविल्याचा आहे. आठव्या दिवशीं वळवितांना तिला माकडहाडाशीं रुपयाएवढा लाल डाग दिसला. तिनें धांवत जाऊन सिस्टरला दाखविला. तेथपासून त्या कुशीवर भार पडूं दिला नाहीं, आणि डाग गेला. आपल्या घरांत कोणी म्हातारें माणूस पडून असेल तर आज घरीं जाऊन त्याची पाठ बघा. भाषणांतलें बाकीचें विसरलांत तरी चालेल.

बांगड्यांचा प्रश्न आमच्या घरांत मोठा झाला. वॉर्डांत जातांना हात कोंपरापर्यंत मोकळे लागतात: बांगडी नको, अंगठी नको, नखें नकोत. माझ्या आईनें पोरीचे भुंडे हात पाहिले आणि दोन दिवस अन्न गोड लागलें नाहीं. तिची समजूत घालायला मीं तिला व्हिएन्नाची गोष्ट सांगितली, ती तुम्हांलाहि सांगतों.

१८४७ सालची गोष्ट. व्हिएन्ना शहरांत बाळंतपणाचें मोठें इस्पितळ होतें व त्याचे दोन विभाग होते. एकांत डॉक्टरी शिकणारे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुईणी शिकत. नवल असें कीं, सुईणींच्या विभागांत बाळंतिणी कमी मरत आणि डॉक्टरी विद्यार्थ्यांच्या विभागांत कितीतरी जास्त. गरीब बायका त्या विभागांत घालूं नका म्हणून हातापायां पडत. सेमेलवाइस नांवाच्या तरुण डॉक्टरानें कारण शोधलें. ते विद्यार्थी सकाळीं मुडदे चिरून येत आणि त्याच हातांनीं बाळंतिणी तपासत. त्यानें त्या वर्षीं मे महिन्यांत क्लोरीनच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ती केली. आपण विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकतों, त्याच जातीचें तें पाणी. एप्रिलमध्यें शंभरांत १८ बाळंतिणी मेल्या होत्या, जूनमध्यें दोनच्या आसपास मेल्या. एवढें होऊनहि मोठ्या मोठ्या डॉक्टरांनीं त्याचें ऐकलें नाहीं, कारण आपले हात घाणेरडे आहेत हें विद्वानाला कोणीं सांगावें? तो बिचारा १८६५ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत मेला.

माझी आई गप्प बसली, कारण तिची सासू, म्हणजे माझी आजी, ह्या गांवची सुईण होती. अर्धा गांव तिच्या हातावर जन्मला आहे. तिचे हात हुशार होते. मूल आडवें आहे कीं पायाळू, हें ती पोटावर हात फिरवून सांगे. पण ते हात कसे धुवावे हें तिला कोणीं शिकविलें नव्हतें, आणि नाळ विळ्यानें कापली जाई. सातव्या-आठव्या दिवशीं बाळ ताठ होऊन, दांतखीळ बसून जाई, तेव्हां सटवाईचा कोप झाला म्हणत. तो धनुर्वात होता. गरोदरपणांत लस टोंचून आणि स्वच्छ हातांनीं, स्वच्छ पात्यानें नाळ कापून तो हटविला. २०१५ सालीं आपल्या देशांतून बाळबाळंतिणींच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. ह्या कामांत गांवोगांवच्या सिस्टरांचा वांटा फार मोठा आहे. त्यांच्या नांवाची कमान कोठें उभारलेली मीं तरी पाहिली नाहीं. माझी पुतणी बाळंतपणाच्या वॉर्डांत शिकली ती क्रमानें: आधीं नुसतें पाहायचें, मग हाताखालीं मदत करायची, मग शिक्षिकेच्या देखत आपल्या हातानें बाळंतपण करायचें, आणि प्रत्येकाची नोंद वहींत करून सही घ्यायची. आजीची विद्या नातीला मिळाली, आणि आजीला जी मिळाली नाहीं तीहि मिळाली.

माझ्या विषयाची एक गोष्ट सांगितल्यावांचून मला राहवत नाहीं. हीच पोर पांचवींत त्रैराशिकाला रडायची. "काका, हे गणित कुठं लागणार आहे?" असें विचारायची. एके रात्रीं तिचा फोन: पांचशें मिलिलिटरची बाटली चार तासांत द्यायची आहे, नळी अशी आहे कीं तिचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर, मिनिटाला थेंब किती? मीं म्हटलें, तूंच सांग. पांचशें गुणिले वीस, दहा हजार थेंब. चार तासांचीं मिनिटें २४०. भागाकार केला, जवळजवळ ४२ थेंब. मग घड्याळ हातांत धरून, चाकी फिरवून, डोळ्यांनीं थेंब मोजून ते बेचाळीस जुळवायचे. लहान मुलाची नळी निराळी, तिचे साठ थेंब म्हणजे एक मिलिलिटर. तिथें गल्लत झाली तर पोराच्या अंगांत भलतेंच पाणी जाईल. ज्या पोरी आतां शाळेंत गणिताला कंटाळतात त्यांना मी हेंच उदाहरण घालतों.

चूक तिच्याहि हातून व्हायची होती. वॉर्डांत दोन खाटांवर एकाच नांवाच्या दोन बायका. आपल्याकडे हें नवल नाहीं. हांक मारली कीं चौघी ओ देतात. एकीला साखरेचा विकार, तिला इन्सुलिन द्यायचें होतें. पुतणी सुई भरून दुसरीच्या खाटेशीं गेली. ती बाई म्हणाली, "अगं बाई, मला कुठं साखर हाय?" पोर जागच्या जागीं थिजली. कोणीं पाहिलें नव्हतें. पण ती परत फिरली आणि मोठ्या सिस्टरला स्वतः जाऊन सांगितलें. सिस्टर ओरडली नाहीं. तिनें त्या दिवशीं प्रत्येक औषधाच्या वेळीं तिला मोठ्यानें म्हणायला लावलें: रोगी तोच का, औषध तेंच का, मात्रा तीच का, द्यायची रीत तीच का, वेळ तीच का. खाटेचा आंकडा पाहायचा नाहीं. केसपेपर पाहायचा आणि पुरें नांव रोग्याच्या तोंडून वदवून घ्यायचें. ही सिस्टर जवळ नसती तर? मी हा प्रश्न मुद्दाम इथें ठेवून पुढें जातों.

लोक काय म्हणतात तेंहि मीं ऐकलें आहे. पोरगी लोकांची घाण काढणार. अहो, आपण कोण? आपण शेणांत हात घालणारे, गाय अडली तर कोंपरापर्यंत हात घालून वासरूं ओढणारे, ढोराचें कातडें कमावणारे, गटारें उपसणारे. मातींत आणि मळांत हात घातल्यावांचून आपल्यांतल्या एकाच्याहि घरीं चूल पेटलेली नाहीं. माणसाच्या घाणीलाच आपण नाक मुरडायला कोठें शिकलों? ती विद्या आपली नव्हे. ज्यांनीं आपल्याला शिवूं दिलें नाहीं त्यांच्याकडून ती आपण उचलली. आणि सोयरिकीची गोष्ट तर बोलूं नये अशी आहे. नर्सचा पगार घरांत यावा, नर्स मात्र नको, असे पाहुणे मीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. मुंबई-पुण्याच्या इस्पितळांत केरळांतल्या मुली वर्षानुवर्षें येऊन काम करतात, त्यांच्या पगारावर तिकडे घरें उभीं राहिलीं. त्यांच्या आईबापांना अब्रू नव्हती असें कोणी म्हणेल काय?

रात्रपाळीची काळजी मात्र खरी आहे, ती मी हंसण्यावारी नेत नाहीं. वसतिगृह इस्पितळाच्या आवारांत आहे का, रात्रीं मुलींना वॉर्डापर्यंत कोण पोंचवितें, वॉर्डांत एकटी ठेवतात कीं दोघी, हें बापानें तोंडानें विचारावें. विचारायला लाजूं नये.

आतां दचकायच्या गोष्टीकडे येतों. शिकाऊ मुलीकडून काम करून घेणें आणि तिला शिकविणें ह्यांत अंतर आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या नांवानें १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत नर्सिंगची शाळा निघाली, आणि खाटेपाशीं शिकण्याची ही रीत जगभर पसरली. पण तिला एक कीड लागली. शिकाऊ मुली म्हणजे स्वस्तांतल्या मजुरणी, असें कित्येक इस्पितळांनीं धरलें. अमेरिकेंत १९२३ सालीं चौकशी होऊन अहवाल निघाला, त्यांत हेंच उघड मांडलें होतें, कीं इस्पितळाच्या कामापुढें मुलींचें शिक्षण मागें पडतें. ही कीड आपल्याकडेहि आहे. मुलगी सबंध महिना नुसती कागद पोंचवीत, सामान आणीत फिरली तर ती उमेदवारी नव्हे, वेठ आहे.

पण वेठीपेक्षां वाईट गोष्ट म्हणजे वेठहि नसणें. माझीच एक विद्यार्थिनी. बाप रोजंदारीवर जाणारा. त्यानें शेळ्या विकल्या, बचतगटाचें कर्ज काढलें आणि दूरच्या एका संस्थेंत पोरीला घातलें. पाटी मोठी, इमारत रंगविलेली. संस्थेचें म्हणून जें इस्पितळ दाखविलें होतें त्यांत खाटांवर कोऱ्या चादरी होत्या, रोगी नव्हते. तपासणीच्या दिवशीं गांवांतलीं माणसें आणून खाटांवर निजवीत. मुलींच्या वह्यांत न केलेलीं बाळंतपणें, न दिलेलीं इंजेक्शनें लिहून घेतलीं आणि खालीं सह्या केल्या. पोर परीक्षा पास झाली. प्रमाणपत्र आलें तेव्हां बापानें पेढे वांटले. मींहि एक खाल्ला.

तिला तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यांत नोकरी लागली. पहिल्या रात्रीं एक जुलाबानें गळून गेलेलें पोर आलें. शीर सांपडेना. तिनें जन्मांत खऱ्या माणसाची शीर धरलेली नव्हती. रबरी हातावर धरली होती. दुसरी सिस्टर धांवत आली म्हणून पोर वांचलें. सकाळीं ही मुलगी त्या सिस्टरपुढें बसली आणि म्हणाली, "ताई, माझ्या वहीत लिहिलेलं मी काहीच केलेलं नाही. मला शिकवा." हें म्हणायला केवढी छाती लागते! त्या ताईनें तिला सबंध वर्षभर आपल्याबरोबर रात्रपाळीला ठेवून शिकविलें. आज ती मुलगी चांगलें काम करते. पण बापाच्या शेळ्या गेल्या, तिचीं तीन वर्षें गेलीं, आणि ती अजून सांगते कीं, त्या रात्रीचें पोर तिच्या स्वप्नांत येतें.

हें एकट्या तिच्याच नशिबीं आलें असें समजूं नका. मध्य प्रदेशांत नर्सिंग महाविद्यालयांच्या गैरप्रकारांचें प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें. न्यायालयाच्या हुकुमावरून सी.बी.आय.नें ३०० हून अधिक महाविद्यालयें तपासलीं, आणि त्यांतलीं कित्येक चालविण्यास लायक नाहींत असें आढळलें. पुढें २०२४ सालीं त्या तपासणीवरचेच कांहीं अधिकारी लांच घेतल्याच्या आरोपावरून पकडले गेले, आणि लायक ठरविलेलीं महाविद्यालयेंहि पुन्हां तपासण्याचा हुकूम झाला. कुंपणच शेत खातें म्हणतात, तें असें. तेथें शिकलेल्या मुलींचा त्यांत काय गुन्हा? त्यांच्या आईबापांनींहि कोठेंतरी शेळ्या विकल्या असतीलच.

म्हणून फी भरण्यापूर्वीं स्वतः जाऊन बघा. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या यादींत त्या संस्थेचें नांव आहे का, आणि दिल्लीच्या भारतीय नर्सिंग परिषदेच्या यादींत आहे का, हें शाळेच्या संगणकावर मी तुम्हांला काढून दाखवीन. तेवढ्यावर थांबूं नका. कागदावर १०० खाटा असतील. खाटा मोजूं नका, माणसें मोजा. न कळवितां सकाळीं दहा वाजतां जा. भरलेलें इस्पितळ ओळखायला शिक्षण लागत नाहीं: दाराशीं चपलांचा ढीग असतो, आवारांत नातेवाइकांनीं धुतलेलीं लुगडीं वाळत असतात, झाडाखालीं कोणीतरी डबा सोडून बसलेलें असतें. बाळंतपणाच्या खोलीबाहेर एखादी सासू जप करीत असते. हें कांहींच नसेल तर परत फिरा. तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना बाजूला घेऊन विचारा, गेल्या महिन्यांत कोणत्या वॉर्डांत होतां, बरोबर शिक्षिका होत्या कीं तुम्हांला सोडून गेल्या, वहींतली सही काम बघून होते कीं गठ्ठ्यानें होते. मुली खरें सांगतात. साहेबाच्या खोलींत चहा पिऊन परत येऊं नका.

आणि पोरींनों, तुम्हांला एकच सांगणें. न केलेल्या कामाखालीं सही घेऊं नका. येत नसेल तर येत नाहीं म्हणा. बऱ्या सिस्टरच्या मागें सावलीसारखें राहा, आणि कोणत्याहि वॉर्डाला नको म्हणूं नका. मनोरुग्णालयांत पाठवितील तिथेंहि जा. देवळाच्या पायरीवर आपण जिला वेडी म्हणून सोडून देतों ती औषधानें बरी होऊं शकते, हें माझ्या पुतणीनें तिथें पाहिलें. गांवोगांव फिरायची पाळीहि येईल. गेल्या वर्षीं पिशव्या घेऊन शिकाऊ मुली आपल्या गांवांत घरोघर आल्या होत्या, वजन करूं का, रक्तदाब बघूं का म्हणून विचारीत होत्या. आपण निम्म्या घरांनीं त्यांना दारांतूनच लावून दिलें. त्यांचा तो अभ्यास होता. पुन्हां येतील तेव्हां त्यांना घरांत घ्या, पाणी द्या आणि हात पुढें करा. आपल्या पोरी उद्यां दुसऱ्याच्या गांवांत अशाच उभ्या राहतील.

सोमवारीं मीं किरकोळ रजा टाकली आहे. ज्यांना पोरीला पाठवायचें आहे त्यांच्यापैकीं तिघांनीं ज्या संस्थेचें पत्रक आणलें आहे, तिचें इस्पितळ बघायला आपण जाऊं. पुतणी बरोबर येणार आहे. ती वॉर्ड आणि वह्या बघेल, आपण चपला मोजूं. पोरींनाहि बरोबर घ्या, शेवटीं तिथें राहायचें त्यांना आहे. एस.टी. सकाळीं सातची. भाकरी बांधून आणा. परत यायला दिवस मावळेल.